कष्टाच्या हातांसाठी दोन गोळे

संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास करी रोडच्या आमच्या चाळीत गॅलरीतून चालत गेले, की एका बिऱ्हाडाच्या दारातून बारीक घुंगरांसारखा आवाज येतो. नवख्या माणसाला वाटते, घरात लहान मूल वाळे घालून फिरत असेल. आत डोकावले, तर आमचे शेजारी काका दिसतात. वय ७३. खुर्चीत टेकून बसलेले, मांडीवर उशी, उशीवर उजवा हात आणि तळव्यात एकमेकांभोवती फिरणारे दोन चकचकीत गोळे.

"जय भीम काका, आज किती फेरे झाले?" आम्ही विचारतो.

"मोजायचे सोडून दिले. मोजायला लागलो की बोटे घाई करतात," काका सांगतात.

हे गोळे त्यांच्या नातवाने आणून दिले. पहिला आठवडाभर ते टीव्हीशेजारी शोभेला पडून होते. "म्हातारपणी गोट्या खेळू काय?" असे काका सर्वांना विचारत. पण त्यांच्या बोटांची तक्रार जुनी होती. सकाळी उठले की बोटे आखडलेली, सदऱ्याची वरची दोन बटणे काकींनी लावून द्यायची. बाहेर याची वाच्यता नको म्हणून काका गळाबंद बनियनवरच बसत. शेवटी एके दिवशी त्यांनी गोळे हातात घेतले. तीन महिन्यांनी सदऱ्याची बटणे ते स्वतः लावू लागले. वेळ लागतो, पण लावतात.

हे गोळ्यांमुळेच घडले, असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. त्याच काळात काका रोज सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बसत होते आणि डॉक्टरांनाही दाखवून आले होते. शिवाय याच चाळीत याच गोळ्यांची दुसरी एक हकीकत आहे. तिचा शेवट असा झाला नाही आणि तिच्यात चूक आमची होती. ती पुढे सांगतोच. गोळे चांगले आहेत. पण कोणत्या हाताला आणि किती, हे कळले पाहिजे. त्यासाठीच हा लेख.

गोळे आले कुठून?

चीनची राजधानी बीजिंगच्या नैर्ऋत्येला सुमारे दीडशे किलोमीटरवर बाओदिंग नावाचे शहर आहे. हातात फिरवायच्या गोळ्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. तिथल्या लोकांच्या बोलण्यात 'बाओदिंगची तीन रत्ने' येतात: लोखंडी गोळे, पिठापासून आंबवून केलेला सॉस आणि एका पालेभाजीचे लोणचे. म्हणजे आपल्याकडे एखाद्या गावची चटणी नावाजलेली असते, तसेच हे.

गोळ्यांची ही परंपरा मिंग राजघराण्याच्या काळापर्यंत, म्हणजे १३६८ ते १६४४ या काळापर्यंत मागे नेली जाते. लोखंडी गोळ्यांच्या आधी लोक साधे अक्रोड हातात फिरवीत आणि आजही चीनमध्ये अक्रोड फिरवणारी म्हातारी माणसे आहेत. पुढे भरीव लोखंडी गोळे आले, मग पोकळ आले. पोकळ गोळ्याच्या पोटात धातूची पट्टी किंवा तारेचे वेटोळे आणि एक लहान गोळी असते. गोळा फिरला की नाद होतो. जोडीतल्या एकाचा आवाज बारीक, दुसऱ्याचा जाड. काकांच्या दारातून येणारी घुंगरे ती हीच.

आपल्याला हा प्रकार अगदीच परका नाही. आमच्या आया-बहिणी लहानपणी सागरगोटे खेळल्या. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे आणि सगळे एका तळव्यात झेलायचे. बोटांची चपळाई, नजर आणि हात यांचा मेळ त्यातही होता. फरक एवढाच, की तो खेळ मुलींनी पाटपाणी करायच्या वयात सोडून दिला आणि मग हाताला फक्त काम उरले.

या हातांनी काय केले

काका १९७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. खाते रिंगचे. चाती गरगर फिरते, बॉबिनवर सूत चढते, मध्येच धागा तुटतो. तो चिमटीत धरून सांधायचा. बॉबिन भरली की काढायची, रिकामी लावायची. आठ तास उभ्याने हेच काम, अंगठा आणि तर्जनीच्या टोकावर. बायका वाइंडिंगला असत. तिथेही दिवसभर तीच चिमूट.

आपल्या माणसांचा हात रिंगखात्यातच का अडकला, हे नव्या पिढीने माहीत करून घ्यावे. साचेखात्यात पगार जास्त. पण त्या काळी धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही कसा वापरायचा, असे म्हणून ते खाते आपल्याला बंद ठेवले होते. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली आणि ती धसास लावली. हात तोच, कसब तेच; अडवले ते जातीने.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळ जण पुन्हा कधीच आत गेले नाहीत. हातांनी मग दुसरी कामे धरली. कुणी हमाली केली, कुणी भाजीची पाटी उचलली, कुणी रखवालदार झाले. बायकांनी पोळ्या लाटल्या, साड्यांना फॉल लावले, घरी आणून पॅकिंग केले. करी रोड आणि लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी आज काचेचे मनोरे आहेत. काकांचा नातू अशाच एका मनोऱ्यात संगणकावर बसतो आणि मनगट दुखते म्हणून संध्याकाळी आजोबांचे गोळे मागतो. तीन पिढ्यांचे हात, तिन्ही दमलेले.

आपण पायाला जपतो, कंबरेला जपतो. हात मात्र पार निकामी होईपर्यंत कुणी त्याच्याकडे बघत नाही.

गोळा फिरतो तेव्हा हातात काय होते

एका हातात २७ हाडे असतात. बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराच्या खाली असतात. डाव्या हाताने उजव्या हाताचा हा भाग धरा आणि उजवी बोटे हलवा. आतली हालचाल तुम्हाला लागेल. तिथून दोरीसारख्या चिवट कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीचे दोर वरून ओढावेत, तसा हा कारभार आहे. याशिवाय तळव्यात लहान लहान स्नायू असतात. सुईत दोरा ओवणे, बटण लावणे, पेन धरणे ही बारीक कामे ते सांभाळतात.

बादली उचलताना, दांडा धरताना आपण फक्त मूठ आवळतो. गोळे फिरवताना मात्र अंगठा आत-बाहेर करतो, प्रत्येक बोट पाळीपाळीने वाकते आणि उघडते, तळव्यातल्या बारीक स्नायूंना काम मिळते. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, तो हालचालीने सगळीकडे पोचतो. म्हणून आखडलेली बोटे थोड्या वेळाने मोकळी वाटतात. हा खरा फायदा आणि तो काही कमी नाही.

दुसरा फायदा मनाचा. गोळे एकमेकांवर न आपटता फिरवायचे, तर लक्ष तिथेच ठेवावे लागते. विचार भरकटला की गोळा खट्‌कन वाजतो किंवा खाली पडतो. पाच-दहा मिनिटांत श्वासही संथ होतो. आनापानसती करणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. तिथे श्वासाचे भान, इथे बोटांचे. ज्यांना डोळे मिटून बसवत नाही, दिवसभराची कटकट डोक्यात घोळत राहते, त्यांनी हे करून पाहावे. तंबाखूच्या पुडीकडे वळणारा हात निदान तेवढा वेळ तरी गुंतलेला राहतो.

आता विकणारा आणखी काय काय सांगतो ते ऐका. तळव्यात हृदयाचा बिंदू, मूत्रपिंडाचा बिंदू, गोळा त्यावरून गेला की तो तो अवयव सुधारतो, रक्तदाब जातो, साखर उतरते. शरीर उघडून पाहणाऱ्या शास्त्राला तळव्यापासून मूत्रपिंडापर्यंत जाणारी अशी वाट सापडलेली नाही. परंपरेने आले म्हणून, कुणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ती शिकवण गोळ्यांनाही लागू आहे. गोळे फिरवा, पण रक्तदाबाची आणि साखरेची गोळी बंद करू नका.

कसे फिरवायचे

बायकांच्या आणि लहान चणीच्या हाताला ४० मिलिमीटरच्या आसपासचे गोळे पुरतात. मोठ्या पंज्याला ४५ ते ५० मिलिमीटरचे घ्यावेत. दोन्ही तळव्यात सहज मावले पाहिजेत. सुरुवातीला जड नकोत, पोकळच बरे.

बसून करा. मांडीवर उशी किंवा घडी केलेली गोधडी घ्या आणि त्यावर हात ठेवा. गोळा पडला तर पायाच्या बोटावर पडू नये, हे एक. आणि चाळीत तो फरशीवर आपटला तर खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यात धोंडा पडल्यासारखे होते, हे दुसरे. हात आखडलेला असेल तर आधी पाच मिनिटे कोमट पाण्यात बुडवून पुसून घ्या.

उजवा तळवा वर करा, दोन्ही गोळे त्यात ठेवा. खांदा सैल, मनगट सरळ. अंगठ्याने जवळचा गोळा तळव्याच्या बुडाकडून करंगळीकडे ढकला. त्याच वेळी करंगळी आणि अनामिका दुसरा गोळा बोटांच्या बाजूने अंगठ्याकडे सरकवतील. एक फेरा झाला. पहिले काही दिवस गोळे एकमेकांना घासत, अडखळत फिरतील; फिरू द्या. जमले की उलट दिशेने करा. मग डाव्या हाताने. डावा हात हट्टी असतो, त्याला जास्त वेळ द्या. दोन गोळे एकमेकांना न लावता फिरवणे ही पुढची पायरी. तिची घाई नको.

सुरुवातीला प्रत्येक हाताने दोन-तीन मिनिटे, सकाळ-संध्याकाळ. पंधरा दिवसांनी पाच मिनिटे, फार तर दहा. हात दमला की थांबायचे. दुखत असताना नेटाने करण्याचा हा व्यायाम नव्हे. दुसऱ्या दिवशीही दुखत राहिले, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजा आणि निम्म्यावर या. शेवटी बोटे पूर्ण पसरून, मग हलकी मूठ मिटून, असे पाच वेळा करा.

पैसे खर्च करायची गरज नाही. सारख्या आकाराचे, कवचासकट दोन अक्रोड घेतले तरी चालते. मूळ चिनी प्रकार तोच. दोन लिंबेही चालतील, फेरे झाले की वरणात पिळता येतील. पोरांच्या मोठ्या काचेच्या गोट्या नाजूक हाताला बऱ्या; पण घरात रांगते मूल असेल तर त्या उंचावर ठेवा, मूल तोंडात घालते. धातूचे गोळे वापरून झाले की कोरड्या फडक्याने पुसा. मुंबईच्या दमट हवेत आणि हाताच्या घामाने त्यांना गंज चढतो.

आमची चूक

आता ती दुसरी हकीकत. आमच्याच मजल्यावरच्या एक मावशी पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटतात. पन्नाशी नुकतीच उलटलेली. रात्री दोन-तीनला त्यांना जाग येई, उजव्या हाताला मुंग्या आलेल्या. अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर. हात झटकला की बरे वाटे, पुन्हा झोप लागे. त्यांनी आम्हाला विचारले. काकांचा हात सुधारलेला आम्ही नुकताच पाहिला होता. आम्ही उत्साहाने सांगितले, "मावशी, गोळे फिरवा!"

त्या बिचाऱ्या दिवसभर पोळ्या लाटून आल्यावर रात्री अर्धा अर्धा तास गोळे फिरवू लागल्या. सहा महिने गेले. मुंग्या वाढल्या. हातातून कप निसटू लागला. एके दिवशी त्यांनी दोन्ही तळवे आमच्यापुढे धरले. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो डाव्यापेक्षा सपाट झाला होता.

तेव्हा कुठे आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. मनगटात एक अरुंद वाट असते. बोटांच्या कंडरा आणि एक महत्त्वाची नस, दोन्ही तिच्यातूनच जातात. तिथे नस दाबली गेली होती. ज्या हाताला विश्रांती हवी होती, त्याच्यावर आम्ही जादा काम लादले. नसेची तपासणी झाली, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला आणि नंतर छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. आता मावशींना रात्री शांत झोप लागते. पण अंगठ्याची गेलेली ताकद पुरती परतलेली नाही. लवकर आला असता तर नुसत्या पट्ट्यावर भागण्याची शक्यता होती, असे डॉक्टर म्हणाले. मावशी आम्हाला काही बोलल्या नाहीत. तेच आम्हाला जास्त लागले.

हाताचे उपचार आपल्या दारातच

या धावपळीत एक गोष्ट आम्हाला नव्याने कळली. करी रोडहून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर, परळला आचार्य दोंदे मार्गावर के. ई. एम. रुग्णालय आहे. १९२६ साली सुरू झालेले हे रुग्णालय आपल्या घराघरांतल्या बाळंतपणांपासून अपघातांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण हाताने पुन्हा काम करायला शिकवण्याचे एक शास्त्र आहे आणि त्याची आशियातली पहिली शाळा १९५० साली याच रुग्णालयात सुरू झाली, हे किती जणांना ठाऊक आहे? ती काढणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. लग्न करून त्या इथल्या झाल्या. १९५२ साली या क्षेत्रातल्या लोकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात, रुग्णालयात 'ओटी' म्हणून विचारतात. शस्त्रक्रियेच्या खोलीलाही ओटीच म्हणतात, म्हणून 'ऑक्युपेशनल थेरपी' असे पूर्ण नाव घ्या. तिथे हाताचे माप घेतात, पकड तपासतात आणि ज्याच्या त्याच्या कामानुसार व्यायाम ठरवतात. कुणाला बटणे लावायला, कुणाला खुंट्या भोकात बसवायला, कुणाला चिकणमाती मळायला देतात. गोळे फिरवायचे की नाही, हेही तिथेच विचारावे. हाजी अलीलाही १९५५ पासून अशा उपचारांची मोठी सरकारी संस्था आहे.

गोळे बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा

ही लक्षणे घरात सर्वांना वाचून दाखवा.

रात्री मुंग्या येऊन जाग येणे, अंगठा व शेजारची बोटे बधिर होणे, वस्तू निसटणे. मावशींचे झाले ते हेच. मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्यांना आणि गरोदर बायकांना याचा त्रास जास्त होतो.

बोट वाकते पण सरळ होताना अडकते आणि खट्‌कन सुटते.

दोन्ही हातांची पेरे सुजतात, गरम लागतात आणि सकाळचा ताठरपणा तासभर जात नाही. हा संधिवात वेळीच औषध मागतो.

कातडीवर फिकट चट्टा आणि तिथे स्पर्श कळत नाही, किंवा बोटे आपोआप आत वळू लागली आहेत. हा कुष्ठरोग असू शकतो. लाजून लपवू नका. तो औषधाने पूर्ण बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. उशीर केला तर बोटांचे नुकसान मात्र कायम राहते.

एकाएकी एक हात लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे. हा पक्षाघात. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका येईल. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. माणसाला झोपवून ठेवणे, तेल चोळत बसणे यात तो वेळ घालवू नका. गोळ्यांची पाळी पुढे, सुधारणा सुरू झाल्यावर, तीही उपचार करणाऱ्याने सांगितली तर.

वाचक बंधू-भगिनींनो, आज रात्री जेवणे झाली की एक करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे दोन्ही हात आपल्या हातात घ्या. मूठ पूर्ण मिटते का, अंगठा करंगळीला टेकतो का, दोन्ही तळव्यांचे उंचवटे सारखे आहेत का, ते पाहा. जिने पोळ्या लाटून घर चालवले, तिचेही हात पाहा. ती स्वतःहून सांगणार नाही. सगळे ठीक असेल तर दोन अक्रोड त्या हातात द्या. नसेल तर सकाळी केस पेपर काढायला तुम्ही सोबत जा.

आमच्या चाळीत आता संध्याकाळी काकांचे गोळे वाजतात, तेव्हा मावशी दारात खुर्ची टाकून बसतात. व्यवसायोपचाराच्या बाईंनी त्यांना मऊ स्पंजचा गोळा दिला आहे. रोज दहा वेळा दाबायचा, जास्त नाही. काका नाद ऐकतात, मावशी आकडे मोजतात आणि दहा झाले की थांबतात.